न विचारू शकणाऱ्यांचा कारभार

बालविकास आणि लहान मुलांचे मनःस्वास्थ्य यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे नेतृत्व हा वरकरणी व्यवस्थापनाचा विषय वाटतो. त्याच्या तळाशी मात्र नीतिशास्त्रातली एक जुनी अडचण आहे. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला सभासद वार्षिक सभेत धारेवर धरतात. नगरसेवकाला मतदार घरी बसवू शकतात. शाळेच्या मुख्याध्यापकांविरुद्ध पालक तक्रार करतात, आणि जरा मोठी झालेली मुलेही आपली नाराजी वर्गात दाखवून देतात. ज्या संस्थेचे काम दीड वर्षाच्या मुलासाठी चालते, तिच्या प्रमुखाला त्या मुलाकडून कधीच जाब विचारला जात नाही. त्याच्या नावाने देणगी येते, त्याच्या नावाने निर्णय होतात, त्याचा फोटो अहवालात छापला जातो. हरकत घेण्याची सोय तेवढी त्याला नसते. मूल उशिरा बोलणारे असेल, स्वमग्न असेल किंवा त्याला बौद्धिक अक्षमता असेल, तर ही स्थिती आणखी काही वर्षे, कधी जन्मभर, तशीच राहते. ज्याच्यावर सत्ता चालते तो ती कधीच तपासू शकत नाही, तर ती न्याय्य कशाने ठरावी?

यावर सहसा दोन उत्तरे मिळतात. पहिले ज्ञानाचे: प्रमुखाला बालविकासाचे शास्त्र ठाऊक आहे, म्हणून मुलाचे हित कशात आहे ते त्यालाच कळते. दुसरे सेवेचे: त्याला स्वतःसाठी काहीच नको आहे, म्हणून त्याच्या हाती सत्ता सुरक्षित आहे. महाराष्ट्रात दुसऱ्या उत्तराचे वजन फार. माणूस निःस्वार्थी आहे हे एकदा पटले की त्याचे हिशेब पाहणे लोकांना जवळजवळ अभद्र वाटते. पण स्वार्थ नसलेला माणूसही चुकतो, आणि त्याची चूक दुरुस्त करणे अधिक अवघड जाते, कारण ती दाखवणारा कृतघ्न ठरतो. ज्ञानाच्या उत्तराची गतही फार वेगळी नाही. तो इतिहास पुढे येईल.

गांधीजींची विश्वस्ताची कल्पना या दोहोंपेक्षा अधिक नेमकी आहे. हातात असलेले आपले नाही, ते दुसऱ्यासाठी सांभाळायचे आहे, असे मानणारा तो विश्वस्त. कायद्यातला विश्वस्तही असाच असतो, फक्त तिथे ज्याच्यासाठी मालमत्ता सांभाळायची तो न्यायालयात जाऊ शकतो, हे गृहीत असते. सार्वजनिक न्यासाच्या बाबतीत तसा एक ठरावीक माणूस नसतो, म्हणून १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्मादाय आयुक्त नेमला. धर्मादाय आयुक्त ताळेबंद, लेखापरीक्षण आणि विश्वस्तांमधील बदल पाहतो. आईच्या मांडीवरचे मूल थेरपिस्टला पाहून अंग चोरते की तिच्याकडे झेपावते, हे त्याच्या कार्यालयात कोणत्याच नमुन्यात भरून द्यावे लागत नाही. कायद्याची नजर पोहोचत नाही तिथपासून नेतृत्वाचा नैतिक प्रश्न सुरू होतो.

महाराष्ट्रात तान्ह्या मुलांसाठी निघालेल्या आरंभीच्या आधुनिक संस्थांचा हेतू विकास हा नव्हताच; मूल जगावे एवढाच होता. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवेला गुपचूप बाळंत होता यावे आणि तिच्या बाळाचा जीव वाचावा, हा त्यामागचा विचार होता. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाशी संबंधित मंडळींनी अनाथ बालकाश्रम सुरू केला, त्यामागेही तीच निकड होती. या दोन्ही संस्थांत धर्मविचार उघड आहे, आणि तो रूढ धर्माच्या विरोधात उभा आहे. ज्या समाजाने मुलाला पाप ठरवले त्याच समाजात ते निष्पाप आहे असे म्हणण्यासाठी ईश्वराची साक्ष काढावी लागली. फुल्यांचा निर्मिक आणि प्रार्थना समाजाचा एकेश्वर यांत अंतर पुष्कळ होते, पण नवजात जीव कोणाच्या कर्माचा पुरावा नसतो, यावर दोघे एकत्र येतात.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) प्रार्थना समाजाच्याच घरातल्या. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी शहरी मध्यमवर्गाच्या बालशिक्षणात त्यांचे नाव राहिले असते. १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या, आणि तिथे त्यांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा झाली. बालवाडी तयार होती, शिक्षिका तयार होत्या, पण वस्तीवरची मुले येईनात. संस्थेच्या प्रमुखाला अशा वेळी सोपा निष्कर्ष हाताशी असतो: पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व समजावून द्यायला हवे. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचे. माँटेसरीची महागडी लाकडी साधने बाजूला ठेवून खडे, बिया, पाने, शिंपले यांवर शिकवणे सुरू झाले, आणि अंगणवाडी जन्मली. पुढे सहकारी अनुताई वाघ यांच्यासह काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली: मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभी केली गेली.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या उदाहरणाचे मोल हे, की तिथे न येणारे मूल हाच जाब होता. बोलता न येणारे मूलही काही सांगत असते: ते येत नाही, रडते, गप्प होते, जेवत नाही, झोपत नाही. या सांगण्याला उत्तर म्हणून जो स्वतःची पद्धत बदलतो त्याच्या सत्तेवर मुलाचा अंकुश आहे, असे म्हणता येते. याच सांगण्यावरून पालकांना दोष देणारा नेता, तो कितीही त्यागी असो, निरंकुशच राहतो.

खेड्यातून शहरात आले की, उदाहरणार्थ नवी मुंबईत, न बोलणाऱ्या मुलाचा हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. १७ मार्च १९७० रोजी शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधील ९५ गावांच्या जमिनींवर आखीव शहर उभे राहू लागले. १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. आराखड्यात सेक्टर, स्टेशन, बाजार, शाळा, उद्याने सगळ्यांना जागा मिळाली. पहिली तीन वर्षे मूल कोणाच्या हाती वाढणार, हे आखण्याची गोष्ट आहे असे तेव्हा कोणाला वाटले नाही. जुन्या गावठाणांत आगरी-कोळी कुटुंबांची मुले अजून आजी, काकू, शेजारीण अशा हातांत वाढतात, पण शेती आणि खाडी गेल्यावर त्या घरांतल्या मोठ्यांची जी उलथापालथ झाली तिचा भार मुलांवरही आहे. सीवूड्स, नेरूळ किंवा खारघरच्या इमारतींत आईवडील दोघे नोकरीला, आजी गावाहून दोन महिने येऊन जाणारी, आणि मधला दिवस पाळणाघर नाहीतर मोबाइल. तुर्भे, दिघा या भागातल्या वस्त्यांत आणि बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत तिसरे बालपण चालू असते. यातल्या शेवटच्या मुलांची दखल भारतात फार उशिरा घेतली गेली. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तिथल्या मजूर बायांची तान्ही मुले उन्हाधुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी पहिले फिरते पाळणाघर सुरू केले. पुढे मुंबईतही ते काम उभे राहिले. अंत्योदयाचा विचार मांडणाऱ्याच्या स्मारकाच्या बांधकामावर ही गरज दिसावी, यावर भाष्याची गरज नाही.

आज या शहरात विकासात मागे पडणाऱ्या मुलासाठी दारे आहेत. वाशीला महापालिकेचे दिव्यांग शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे, लोकांच्या तोंडी ते 'ईटीसी'. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. शिवाय खासगी थेरपी केंद्रे आणि स्वयंसेवी संस्था आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आली. कागदावर हक्क मोठा झाला आहे. त्यामुळे संस्थाप्रमुखाच्या टेबलावर जो प्रश्न रोज येऊन पडतो तो हक्काचा राहिलेला नाही. तो प्रतीक्षायादीचा आहे.

प्रतीक्षायादी ही कारकुनी बाब समजली जाते. पण संस्थेने न्यायाचा कोणता अर्थ पत्करला आहे हे ध्येयधोरणाच्या पाटीपेक्षा या यादीत जास्त खरे दिसते. गुडघेबदलाच्या रुग्णाला सहा महिने थांबावे लागले तर त्याचा त्रास लांबतो. दोन वर्षांच्या मुलाला सहा महिने थांबावे लागले तर त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा गेलेला असतो, आणि तोही मेंदूतील जोडण्या सर्वांत वेगाने बनण्याच्या काळात. आधी कोणाला घ्यायचे? ज्याचे नाव आधी आले त्याला, असा नियम निष्पक्ष दिसतो. पण नाव आधी नोंदवणारे कुटुंब बहुधा शिकलेले असते, त्याला रजा मिळते, रिक्षाचे भाडे परवडते. ज्याची गरज मोठी त्याला, असे म्हटले तर हलक्या अडचणीचे मूल, जे थोड्या मदतीने पूर्ण सावरले असते, मागे राहते. शुल्क देणाऱ्यांना आधी घेऊन त्यातून इतरांचा खर्च काढायचा, हा व्यवहारी मार्ग. त्यात 'इतर' हळूहळू संध्याकाळच्या उरलेल्या वेळेत ढकलले जातात. गांधीजींची कसोटी, सर्वांत दुबळ्या माणसाचा चेहरा आठवण्याची, इथे उपयोगी पडते, पण अर्धीच. दुबळा कोण हे ठरवायला तो आधी दिसावा लागतो, आणि बिगारीच्या नाक्यावर उभ्या असणाऱ्या बाईचे मूल यादीतच आलेले नसते. बोर्डीचा धडा इथे पुन्हा लागू पडतो: यादीच्या बाहेर जाऊन मुले शोधणे हे न्यायाच्या कामात मोडते, प्रसिद्धीच्या नाही.

शोधण्यालाही एक अट आहे. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाचणी-तपासणीची तत्त्वे मांडली. ज्या विकारावर उपचाराची सोय आहे त्याचीच सार्वत्रिक तपासणी करावी, असा त्यांतल्या दोन मुद्द्यांचा आशय आहे. तीनशे मुले तपासून चाळीस 'संशयित' काढायची आणि त्यांच्या आयांना चिठ्ठी देऊन सोडून द्यायचे, यात अहवालाला आकडा मिळतो, आईला काळजी मिळते, मुलाला काहीच नाही. किती तपासायचे हे ठरवताना किती सांभाळता येतील हे मोजणारा प्रमुख कमी कर्तबगार दिसतो. तो अधिक प्रामाणिक असतो.

आई संस्थेच्या दारात येते तेव्हा ती बहुधा दोष बरोबर घेऊनच आलेली असते. ग्रहणात विळीवर बसली होती, गरोदरपणी कुणाच्या मयताला गेली होती, सासरच्या देवाचा नवस फेडायचा राहिला होता, नाहीतर सरळ पूर्वजन्मीचे भोग. घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी हे तिला इतक्यांदा ऐकवलेले असते की तीच ते स्वतःला सांगू लागते. कर्मसिद्धान्ताचा हा वापर क्रूर आहे यात वाद नाही. परंतु सिद्धान्त म्हणून त्यात एवढेच नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग परंपरेनेच केले, आणि क्रियमाण, म्हणजे आता हातून होत असलेले, हा भाग माणसाच्या स्वाधीन मानला. भूतकाळाचा खटला बंद करून आजच्या कृतीकडे वळण्याची वाट सिद्धान्ताच्या आतच आहे. जाणता समुपदेशक आईची श्रद्धा मोडायला जात नाही. तिच्याच चौकटीत तो दोषाचे ओझे खाली ठेवायला मदत करतो आणि मुलाशी जमिनीवर बसून खेळायचे कसे ते दाखवतो. जिथे श्रद्धेच्या नावाखाली मुलाला चटके देणे, मारणे, भूत उतरवणे सुरू होते तिथे मात्र समजुतीची हद्द संपते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

बुवाबाजीवर एवढे कडक बोलणाऱ्या शास्त्राने स्वतःचा इतिहास विसरता कामा नये. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले आणि त्या मुलांच्या पालकांत ऊब कमी दिसते असे नोंदवले. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी, विशेषतः १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकातून, आईच्या थंडपणामुळेच मूल स्वतःत मिटते हा विचार पसरवला. त्याआधीच, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी स्वमग्नता ही मज्जासंस्थेच्या जडणघडणीतली बाब आहे असे मांडून ठेवले होते. तरी आयांना दोष देणे बराच काळ थांबले नाही. पूर्वजन्म आणि थंड आई या दोन कल्पना एकमेकींपासून दूर दिसतात, पण दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात: बाईच्या माथी. ज्ञानाच्या जोरावर सत्ता सांगणाऱ्या नेतृत्वाला जाब का हवा, याचे उत्तर या एका प्रकरणात मिळते. बेटेलहाइमही एका मोठ्या बालसंस्थेचे प्रमुख होते.

आता फळाचा प्रश्न. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्मावर अधिकार आणि फळावर नाही हा विचार येतो, तिसऱ्यात लोकसंग्रहाचा. टिळकांनी १९१५ मध्ये छापलेल्या गीतारहस्यात या दोहोंची सांगड घालून कर्मयोग मांडला. बालविकासाच्या कामाला हा विचार जणू बेतून शिवला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पेरी बालशाळेत १९६२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात १२३ मुले होती. त्यांचा माग ती चाळिशीत पोहोचेपर्यंत घेतला गेला, तेव्हा कुठे त्या दोन वर्षांच्या बालशाळेचे शिक्षणावर, कमाईवर आणि गुन्हेगारीवर झालेले परिणाम पूर्ण स्पष्ट झाले. ज्या कामाचे पूर्ण फळ दिसायला चाळीस वर्षे लागतात ते काम फळाच्या ओढीने करता येत नाही. दुसरीकडे, २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या तरतुदीतून पैसा देणारी कंपनी मार्चअखेर निकाल मागते. मधल्या मध्ये सापडलेला प्रमुख दोनपैकी एका वाटेने घसरतो. एक तर तो मोजता येण्यासारखेच काम करू लागतो, म्हणजे शिबिरे, कार्यशाळा, उपस्थिती. किंवा 'आमचे काम मोजण्यापलीकडचे आहे' म्हणून निष्काम कर्माच्या आडोशाला बसतो.

दुसरी वाट अधिक धोक्याची, कारण ती आध्यात्मिक दिसते. फळावर आपला हक्क नाही याचा अर्थ फळ तपासायचे नाही असा होत नाही. ते आपले नाही म्हणूनच जास्त काटेकोरपणे तपासायला हवे. विश्वस्ताचा हिशेब मालकाच्या हिशेबापेक्षा चोख असावा लागतो. याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. तिथे काम करणारे डॉक्टर अभय बंग वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात वाढले. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. त्याबरोबर त्यांनी गावागावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजला, आणि जिथे हे काम नव्हते अशा गावांशी त्याची तुलना केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. निष्काम वृत्ती आणि मोजदाद यांत विरोध नाही, हे याहून स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. मनःस्वास्थ्यात अशी मोजणी अवघड आहे हे खरे. मूल किती वेळा डोळ्यांत पाहते, आईचा झोपमोडीचा काळ कमी झाला का, वडील सत्राला येऊ लागले का, अशा लहान नोंदींवरच भागवावे लागते. पण त्या नोंदी संस्थेला काय चुकले हे सांगण्यासाठी ठेवलेल्या असाव्यात. फक्त देणगीदारासाठी ठेवलेली वही नेहमी चढतीच दिसते.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा एक विचार या क्षेत्रात पायाभूत मानला जातो: बाळाचा विचार त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीपासून तोडून करता येत नाही. बाळाला आई धरून असते, आईला कोणीतरी धरून असावे लागते. हाच धागा संस्थेत पुढे ओढला तर आईला धरणारी कार्यकर्ती, तिला धरणारी पर्यवेक्षिका आणि सर्वांत मागे संस्थाप्रमुख, अशी साखळी दिसते. दिवसभर पाच हताश पालकांशी बोललेल्या थेरपिस्टने सहाव्या आईशी कसे बोलावे, हे तिच्या स्वभावापेक्षा तिला आठवड्यातून तासभर कोणी शांतपणे ऐकून घेते का, यावर जास्त अवलंबून असते. असा तास कोणत्याही ताळेबंदात 'सेवा' म्हणून दिसत नाही, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते.

मराठी संस्थांत या साखळीला नात्याचे नाव देण्याची रीत आहे. संस्थापिका 'ताई' असते, कधी 'माई'. वारकरी परंपरेने देवाला आणि संताला माउली केले. तीच सवय संस्थेत उतरते, आणि त्यात खरी ऊब असते. पण ताईकडे पगारवाढ मागता येत नाही, ताईच्या निर्णयाविरुद्ध लेखी तक्रार करता येत नाही, थकवा आला असे ताईला सांगणे म्हणजे कमी पडणे. दीदी, मावशी म्हणवल्या जाणाऱ्या खालच्या फळीतल्या बायका मुलाच्या सर्वांत जवळ असतात आणि निर्णयापासून सर्वांत दूर. अंगणवाडी सेविकांची स्थिती याच विचाराचा सरकारी अवतार आहे: त्यांना वेतन नाही, मानधन मिळते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका दीर्घ संपावर गेल्या. पवित्र काम करणाऱ्याने पैशाचे बोलू नये, हा संकेत सोयीचा आहे तो पैसे देणाऱ्याला.

मग न बोलणाऱ्याच्या वतीने जाब विचारायचा कोणी? पोलंडमध्ये वॉर्सा येथील अनाथालयाचे प्रमुख यानुश कोर्चाक यांनी मुलांचे न्यायालय चालवले होते. मोठ्यांवरही तिथे खटले होत, स्वतः कोर्चाकवरही झाले. मुलांचे न्यायालय दोन वर्षांच्या मुलाला उपयोगी नाही. कायदा त्याच्या जागी पालकाला धरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अज्ञान मुलाचा प्रतिनिधी म्हणून त्याचा पालकच गृहीत आहे, आणि पालक मुलाच्या हिताने वागत नसेल तर त्या कायद्याखालचे मंडळ दुसरा प्रतिनिधी नेमू शकते. म्हणजे आईबापही शेवटचा शब्द नाहीत, हे कायद्याने जाणले आहे. संस्थाप्रमुखाच्या बाबतीत कायदा याहून कठोर होतो एका जागी: लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा कळूनही न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. संस्थेचे नाव वाचवण्यासाठी गप्प बसणे हा सज्जन माणसांचा मोह असतो, म्हणून ही तरतूद तिथे आहे. बाकी सगळीकडे संस्थेने स्वतःच व्यवस्था लावायची असते: विश्वस्त मंडळात अशा मुलांचे पालक, आणि मोठी झालेली ती मुलेही, सेवा सोडून गेलेल्या कुटुंबांना फोन करून कारण विचारण्याची पद्धत, आणि प्रमुखाने ठरावीक दिवशी कोणतेही काम हातात न घेता मुलांच्या खोलीत बसून नुसते पाहणे. एस्थर बिक यांनी १९४८ पासून लंडनमधील टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये बालनिरीक्षण हा प्रशिक्षणाचा भागच केला. काही न करता पाहणे सेवाभावी माणसाला सर्वांत कठीण जाते.

जाब देण्याइतकाच मोठा प्रश्न सत्ता सोडण्याचा आहे, आणि या उत्तराधिकाराच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव संमिश्र आहे. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थ सांगितला असला तरी संस्थांच्या व्यवहारात गादीचीच कल्पना प्रबळ राहिली. कोसबाडला अनुताई वाघ ताराबाईंच्या हयातीतच सहकारी म्हणून तयार होत गेल्या आणि १९७३ नंतर, १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्यांनी काम वाढवले. हे हस्तांतर एका प्रसंगात न होता जवळपास तीन दशके चालले होते. दुसरे, मोठे हस्तांतर ताराबाईंना पाहता आले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. नाव पोहोचले, खिचडी आणि लसीकरण पोहोचले. खेळ, गाणी आणि मुलाकडे पाहण्याची रीत त्या प्रमाणात पोहोचली नाही, कारण सेविकेच्या वेळातला मोठा भाग रजिस्टर आणि आता मोबाइलवरची माहिती भरण्यात जातो. मूल येत नाही म्हणून पद्धत बदलण्याची जी मोकळीक टेकडीवरच्या संस्थेला होती, ती योजनेच्या नियमावलीत बसली नाही.

महापालिकेच्या केंद्रांची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. त्यांना सरकारी पैशाचे स्थैर्य मिळते आणि शहरातल्या प्रत्येक मुलाबद्दलचे उत्तरदायित्वही त्यांच्यावर येते. पण आयुक्त दोन-तीन वर्षांनी बदलतो, ठेके वर्षावर्षाने निघतात, आणि ठेक्यावर आलेल्या थेरपिस्टची ओळख होते न होते तोच ती बदललेली असते. दोन वर्षांचे असताना दारात आलेले मूल शाळेत जाईपर्यंत वरची माणसे एकदा तरी पूर्ण बदलतात. टिकून राहतात त्या खोलीतल्या मावशी, आणि नीट लिहिली असेल तर मुलाची नोंदवही.